वारंवार आजारी पडणारे बालक : उपजत प्रतिकारदोष आणि मज्जासंस्थेवरील आघात

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील कोरेगाव भीमा आणि त्यालगतची सणसवाडी, शिक्रापूर ही गावे गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. शेतीच्या जोडीला कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर कामगारांच्या वसाहती आल्या. शिरूर व दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात हंगामात तोडणी कामगारांची कुटुंबे येतात व हंगाम संपताच परततात. अशा परिसरातील कोणत्याही अंगणवाडीच्या पटावर सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांनी वरचेवर आजारी पडणारी बालके असतातच. त्यांतील बहुसंख्य बालकांच्या आजाराची कारणे परिचित असतात : अशुद्ध पाणी, अपुरा आहार, दाटीची वस्ती, चुलीचा धूर. ही कारणे दूर झाली की ती बालके सुधारतात.

परंतु क्वचित एखादे बालक असे असते की, आहार सुधारला, पाणी उकळून दिले, औषधे वेळेवर दिली, तरी त्याचे आजारपण थांबत नाही. एका न्यूमोनियातून ते उठते न उठते तोच दुसरा न्यूमोनिया होतो. कान सतत वाहतो. वजन वाढत नाही. पुढे एखाद्या दिवशी त्याचा पाय लुळा पडतो, त्याला झटके येऊ लागतात किंवा चालता चालता त्याचा तोल जाऊ लागतो. अशा बालकाच्या शरीरातील रोगप्रतिकाराची यंत्रणाच जन्मतः सदोष असण्याचा संभव असतो. वैद्यकशास्त्र या विकारांना आनुवंशिक किंवा प्राथमिक प्रतिकारदोष म्हणते. असे पाचशेहून अधिक विकार आजवर ज्ञात झाले आहेत. प्रत्येक विकार दुर्मीळ असला तरी सर्व मिळून होणारी संख्या उपेक्षणीय नाही. यांतील काही विकारांत मेंदू व मज्जारज्जू यांवर आघात होतो आणि विलंबाची किंमत बालकाला आयुष्यभर मोजावी लागते.

शरीराची राखण

पूर्वी गावाला गावकूस असे, वेशीवर पहारा असे आणि रात्री फिरणारे जागले असत. शरीराची व्यवस्था काहीशी अशीच आहे. त्वचा आणि श्वसनमार्ग व आतडे यांचे अस्तर ही वेस होय. ती ओलांडून आत शिरलेल्या जंतूंशी रक्तातील पांढऱ्या पेशी सामना करतात. या पेशींपैकी लसिका पेशींचे दोन प्रमुख वर्ग आहेत. ‘बी’ पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. ही प्रतिपिंडे म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन जंतूंना चिकटून त्यांना निकामी करतात. ‘टी’ पेशी बाधित पेशींचा नाश करतात आणि संपूर्ण प्रतिकाराचे सूत्रचालन करतात.

नवजात बालकाजवळ स्वतःची प्रतिपिंडे फारशी नसतात. गर्भावस्थेत आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास हा साठा संपत येतो व बालकाची स्वतःची यंत्रणा काम सुरू करते. ज्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत, ते बालक म्हणूनच पहिले काही महिने निरोगी दिसते आणि त्यानंतर वरचेवर आजारी पडू लागते. ‘सहा महिन्यांपर्यंत बाळ चांगले होते, मग दृष्ट लागली,’ अशी समजूत याच कारणाने होते. बालकाची हानी दृष्ट लागल्याने होत नसून आईकडून मिळालेले संरक्षण संपल्याने होत असते.

१९५२ मधील शोध

या विषयाच्या इतिहासात १९५२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा पुनःपुन्हा गंभीर जंतुसंसर्गाने आजारी होऊन येत असे. त्याच्या रक्ताची तपासणी करता त्यात गॅमा ग्लोब्युलिन हा घटकच नसल्याचे आढळून आले. निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळे काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्याला नियमितपणे टोचण्यात आले, तेव्हा त्याचे वारंवारचे आजारपण थांबले. विकाराचे निदान व उपचाराचे तत्त्व एकाच रुग्णामुळे हाती आले. या विकारास कारणीभूत असलेले जनुक १९९३ मध्ये सापडले. ते ‘एक्स’ गुणसूत्रावर असते.

योगायोग असा की, याच १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद जगापुढे ठेवली. तो पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून प्रसिद्ध झाला. या रक्तगटाच्या व्यक्ती सर्वसाधारणपणे पूर्णतः निरोगी असतात. रक्त देण्याघेण्यापुरतीच त्यांना अडचण येते. मात्र १९९२ मध्ये एक अत्यंत दुर्मीळ विकार उजेडात आला. या विकारात फ्यूकोज नावाची शर्करा पेशींच्या पृष्ठभागावर बसू शकत नाही. परिणामी बालकाचा रक्तगट बॉम्बे प्रकारचा असतो, पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत, आणि त्यासोबत बालकाची वाढ व बौद्धिक विकासही खुंटतो. जगभरात असे मोजकेच रुग्ण आढळले आहेत. रक्तगट, रोगप्रतिकार आणि मेंदूची वाढ या वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एका जनुकाच्या दोषाने कशा एकत्र गुंफल्या जातात, याचे हे बोलके उदाहरण होय.

मज्जासंस्थेवर आघात कसा होतो?

प्रतिकारदोष असलेल्या बालकाच्या मज्जासंस्थेला प्रामुख्याने तीन मार्गांनी इजा पोहोचते.

पहिला मार्ग प्रत्यक्ष संसर्गाचा. प्रतिपिंडे नसलेल्या बालकांत आतड्यात वाढणारे काही विषाणू रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात आणि तेथे महिनोन्महिने ठाण मांडतात. त्यामुळे मेंदूला व त्याच्या आवरणांना दीर्घकाळ सूज राहते. बालकाची शिकलेली कौशल्ये हळूहळू लोप पावतात. बोलणे कमी होते, झटके येतात, हातपाय कडक किंवा दुबळे होतात. ‘टी’ पेशींचाही अभाव असलेल्या तीव्र संयुक्त प्रतिकारदोषात तर साध्या जंतूंपासूनही प्राणघातक संसर्ग होऊ शकतो.

दुसरा मार्ग प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकाचा. काही विकारांत पेशी जंतूंचा निःपात करू शकत नाहीत, पण त्या प्रयत्नात अनियंत्रितपणे उत्तेजित होतात. सतत ताप, यकृत व प्लीहा यांची वाढ, रक्तपेशींची घट आणि पुढे मेंदूला सूज असा क्रम आढळतो. यांपैकी ग्रिसेली व चेडियाक–हिगाशी या विकारांत बालकाचे केस जन्मापासून चंदेरी किंवा राखाडी छटेचे असतात. कुपोषणामुळेही केसांचा रंग फिका होत असल्याने हे चिन्ह दुर्लक्षिले जाण्याचा संभव असतो. ताप आणि वारंवार संसर्ग यांच्या जोडीला असे केस असल्यास बालकास तज्ज्ञाकडे पाठविणे अगत्याचे ठरते.

तिसरा मार्ग असा की, एकच जनुकीय दोष प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्था या दोहोंना एकाच वेळी दुर्बळ करतो. अटॅक्सिया तेलंजिएक्टेशिया हा विकार या प्रकारचा आहे. याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असून ते १९९५ मध्ये ओळखले गेले. पेशीतील जनुकद्रव्याला झालेली इजा दुरुस्त करण्याच्या कामात या जनुकाचा महत्त्वाचा वाटा असतो. ते निकामी असल्यास लहान मेंदूतील पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. बालक चालू लागते, पण त्याची चाल अडखळती राहते. वय वाढेल तसा तोल सुधारण्याऐवजी बिघडत जातो. बोलणे जड होते. काही वर्षांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर बारीक लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते. सोबत सर्दी, सायनसचा दाह व न्यूमोनिया हे आजार वारंवार होतात. यांतील पुष्कळ मुलांना वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो.

अशा मुलाची गणना अनेकदा ‘सेरेब्रल पाल्सी’ असलेल्या मुलांत होते. दोहोंतील भेद शिक्षकाच्या ध्यानात येण्यासारखा आहे. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला झालेली मूळ इजा वाढत जात नाही. येथे मात्र गतवर्षी वर्गात स्वतः चालत येणारे मूल यंदा भिंतीचा आधार घेते, गतवर्षी सरळ रेघ ओढणाऱ्या हाताला यंदा कंप सुटतो. हा फरक वर्षभर मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाइतका कोणाला दिसत नाही. अल्फा फेटोप्रोटीन या रक्तघटकाची तपासणी निदानास साहाय्यभूत ठरते. या मुलांच्या पेशींना क्ष-किरणांची इजा अधिक होत असल्याने निदान होताच क्ष-किरण व सी.टी. स्कॅन या तपासण्या अत्यावश्यक असतील तरच कराव्या लागतात. लवकर निदान होण्याचा हाही एक मोठा लाभ होय.

पोलिओ निर्मूलन आणि परळमधील अभ्यास

प्रतिकारदोषाचा प्रश्न एका कुटुंबापुरता मर्यादित नाही, हे पोलिओच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशात तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या ‘दोन थेंबां’चा वाटा सर्वांत मोठा आहे.

या थेंबांत जिवंत, पण हतबल केलेला विषाणू असतो. तो बालकाच्या आतड्यात काही काळ वाढतो, संरक्षण निर्माण करतो आणि निरोगी बालकाच्या विष्ठेतून काही आठवड्यांत निघून जातो. प्रतिकारदोष असलेल्या बालकाचे शरीर मात्र त्याला हुसकावून लावू शकत नाही. तो तेथे महिने किंवा वर्षेही राहू शकतो. या दीर्घ वास्तव्यात त्याच्या रचनेत बदल होत जातात आणि मज्जारज्जूवर हल्ला करण्याची गमावलेली शक्ती तो पुन्हा मिळवू शकतो. त्या बालकाला लुळेपणा येण्याचा धोका असतो. शिवाय असा विषाणू परिसरात पसरण्याची शक्यताही दृष्टीआड करता येत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास मुंबईत झाला. परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आणि विषाणू संशोधनाचे केंद्र या संस्था एकमेकींच्या सान्निध्यात आहेत. तेथील शास्त्रज्ञांनी व डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०१४ ते एप्रिल २०१७ या काळात १५१ रुग्णांमध्ये प्राथमिक प्रतिकारदोषाचे निदान झाले. त्यांपैकी ४२ रुग्णांच्या विष्ठेचे १०५ नमुने तपासण्यात आले. त्यांत आठ आंत्रविषाणू सापडले. तीन पोलिओचे आणि पाच इतर. दीर्घकाळ पोलिओ विषाणू बाहेर टाकत राहिलेले रुग्ण केवळ तीव्र संयुक्त प्रतिकारदोषाचे होते आणि हे उत्सर्जन संसर्ग आढळल्यानंतर दोन वर्षे चालू राहिले.

या निष्कर्षातून दोन गोष्टी निघतात. असा धोका कमी आहे, ही पहिली गोष्ट. अशा बालकांचा नियमित शोध घेणे तरीही आवश्यक आहे, ही दुसरी. भारतात मृत विषाणूपासून बनविलेली टोचावयाची पोलिओ लस नोव्हेंबर २०१५ पासून नियमित लसीकरणात समाविष्ट झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे द्यावयाच्या लसीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. ही पावले याच दिशेची आहेत.

यावरून लसीकरणाविषयी शंका घेणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरेल. जिवंत लसींचे बंधन केवळ निदान झालेल्या वा तसा सबळ संशय असलेल्या बालकांपुरते असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. किंबहुना ज्या बालकाला स्वतःला लस घेता येत नाही, त्याची सुरक्षितता गावातील इतर सर्व बालकांच्या लसीकरणावरच अवलंबून असते. गावात गोवर आला नाही, तरच ते बालक गोवरापासून वाचते.

वारसा आणि दोषारोप

हे विकार आनुवंशिक असल्याने कुटुंबात कलह माजण्याचे प्रसंग येतात आणि दोष बहुधा मातेच्या माथी येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘एक्स’ गुणसूत्राशी निगडित विकारात माता वाहक असू शकते. ती स्वतः निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. काही वेळा तर माता वाहकही नसते. जनुकातील बदल त्या बालकातच नव्याने घडलेला असतो. अटॅक्सिया तेलंजिएक्टेशियासारख्या विकारांत दोष असलेले एकेक जनुक पिता व माता या दोघांकडूनही आलेले असते आणि प्रत्येक गर्भधारणेत बालकास विकार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. मामे-आते भावंडांत विवाह झाल्यास एकाच पूर्वजाचे सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. जनुकाची निवड कोणीही करीत नाही. त्यामुळे येथे अपराधी कोणी नसतो.

एखाद्या घरात पूर्वी एक वा अधिक मुलगे बालपणीच संसर्गाने दगावले असतील, तर ती माहिती अत्यंत मोलाची आहे. नव्या बालकाच्या जन्मापूर्वीच ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितली पाहिजे, कारण बी.सी.जी. व पोलिओचा पहिला डोस या दोन्ही जिवंत लसी जन्मानंतर लगेच दिल्या जातात. कुटुंबातील सदोष जनुक निश्चित झालेले असल्यास पुढील गर्भावस्थेत नोंदणीकृत केंद्रात, कायद्याच्या चौकटीत, गर्भाची तपासणीही करून घेता येते.

उपचाराची दिशा

प्रतिपिंडांचा अभाव असलेल्या बालकास दर तीन ते चार आठवड्यांनी शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देण्यात येते. हा उपचार आयुष्यभर चालतो. मात्रा वजनानुसार ठरत असल्याने मूल वाढते तसा खर्चही वाढतो. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. रक्तदानाचे महत्त्व येथेही प्रत्ययास येते. वेळेवर सुरू झालेल्या उपचाराने अशी मुले शाळा पूर्ण करतात, नोकरी-व्यवसायही करतात. मात्र मेंदूला अगोदरच झालेली हानी या उपचाराने भरून निघत नाही.

तीव्र संयुक्त प्रतिकारदोषात अस्थिमज्जेतील मूलपेशींचे प्रत्यारोपण हा मुख्य उपाय होय. असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९६८ मध्ये अमेरिकेत झाले. बालक पहिल्या काही महिन्यांचे असताना व गंभीर संसर्ग होण्यापूर्वी प्रत्यारोपण झाल्यास यशाची शक्यता सर्वाधिक असते. अटॅक्सिया तेलंजिएक्टेशियावर अद्याप मूळ उपाय नाही. संसर्गावर उपचार, व्यायामोपचार आणि शिक्षणातील साहाय्य यांच्या बळावर मुलाचे जीवन सुसह्य करता येते.

खर्चाच्या दृष्टीने केंद्र शासनाचे २०२१ चे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण उल्लेखनीय आहे. २०२२ मधील सुधारणेनुसार या धोरणात समाविष्ट आजारांसाठी नियुक्त उत्कृष्टता केंद्रांतील उपचारास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. प्रतिकारदोषाचे काही विकार या धोरणात अंतर्भूत आहेत. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे असे एक केंद्र आहे. तसेच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांचा समावेश असल्याने पात्र मुलांना प्रमाणपत्र व त्याअनुषंगाने मिळणाऱ्या सवलती घेता येतात.

गावपातळीवरील कर्तव्य

निदानाची साधने पुण्या-मुंबईत असली तरी निदानाची सुरुवात गावातच होते. एका न्यूमोनियावरून या विकाराचा संशय येत नाही. वर्षभरातील सर्व आजारांची बेरीज केल्यावरच तो येतो. परंतु ही बेरीज करणार कोण? स्थलांतरित कुटुंबाचे मूल एका आजारासाठी शिक्रापुरात, दुसऱ्यासाठी दौंडला आणि तिसऱ्यासाठी मूळ गावी दाखविले जाते. प्रत्येक डॉक्टरला एकच आजार दिसतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड व सर्व औषधचिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवण्याची सवय अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीने पालकांना लावणे, हे या कामातील पहिले पाऊल होय.

पुढील बाबी आढळल्यास बालकास विनाविलंब वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे : वर्षात दोन वा अधिक वेळा न्यूमोनिया, वर्षात चार वा अधिक वेळा कान फुटणे, त्वचेत किंवा अंतर्गत अवयवांत पुनःपुन्हा गळवे, एक वर्षाच्या वयानंतरही तोंडात टिकून राहणारा पांढरा बुरशीसंसर्ग, बी.सी.जी.च्या जागी न भरणारी जखम किंवा काखेत वाढत जाणारी गाठ. योग्य आहार असूनही वजन न वाढणे. शिकलेली कौशल्ये मागे पडणे. आणि कुटुंबात तशाच आजाराने झालेले बालमृत्यू.

पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायाला अचानक लुळेपणा आल्यास ती बाब त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावी. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने घ्यावे लागतात. ‘वारे गेले’ म्हणून मालिश करण्यात गेलेला आठवडा पुन्हा मिळत नाही.

महाराष्ट्रातील पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. पथक येते त्या दिवशी नेमके आजारी मूलच गैरहजर असते, असा अनुभव अनेक ठिकाणी येऊ शकतो. मुख्याध्यापकांनी दीर्घकाळ गैरहजर असलेल्या मुलांची यादी पथकाच्या हाती दिली आणि ग्रामपंचायत सदस्याने त्या घरी जाऊन मुलाला तपासणीस आणविले, तर या तपासणीचा हेतू खऱ्या अर्थाने सफल होईल. ग्रामपंचायतीच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या सभेत गावातील बालमृत्यूंचा आढावा घेताना एकाच घरातील दोन मृत्यू शेजारी-शेजारी मांडून पाहणे, एवढे साधे काम एखाद्या तिसऱ्या बालकाचे प्राण वाचवू शकते.

दुर्मीळ आजार गावात एखाद्याच घरी येतो. त्या घराला मात्र तो दुर्मीळ नसतो. वारंवार आजारी पडणाऱ्या बालकाला नाजूक प्रकृतीचे म्हणून सोडून न देता त्याच्या आजारांची नोंद ठेवणे, ती नोंद योग्य हाती पोहोचविणे आणि मेंदूला इजा होण्यापूर्वी उपचार सुरू करून देणे, ही सेविका, शिक्षक, पंचायत सदस्य व वैद्यकीय अधिकारी या सर्वांची सामायिक जबाबदारी होय. तीत जो वेळ वाचेल, तो थेट त्या बालकाच्या पदरात पडेल.